एकाहत्तरावा दिवस

मोक्पो. पहाटेचे पावणेपाच.
बंदराकडून माशांचा वास चढणीने वर येतो
आणि त्याच्या मागोमाग मी,
एका हातात शास्त्र, दुसऱ्या हातात थर्मास,
गुडघ्याला ‘दहाच पायऱ्या राहिल्या’ म्हणून फसवत.

शंभराव्या दिवशी परीक्षा.
त्या दिवशी इंग्रजी ऐकायच्या पेपरला
विमानंसुद्धा उतरायची थांबतात.
मग आम्ही आयांनी तरी का झोपावं?

चर्चच्या तळघरात आम्ही सदतीसजणी.
प्रत्येकीपुढे एक फोटो,
फोटोखाली कागद: कोणतं विद्यापीठ, कोणता विभाग.
पाळक हात वर करतात आणि सगळ्या एकदम
छत उडेल अशा आवाजात: प्रभू! प्रभू! प्रभू!
माझा कागद मी प्लास्टिकमध्ये घातलाय,
रडले तर शाई फुटू नये म्हणून.
गणित, दुसरी श्रेणी. भाषा, पहिली.
स्वतःचा रक्तदाब मला आठवत नाही,
हे आठवतं.

सो-दाम माझी एकुलती.
घरात देव्हारा नाही आमच्या, माझ्या आजीनेच मोडला,
नद्यांचे, डोंगरांचे देव
एका दुपारी अंगणात जाळले तिने.
मी मात्र फ्रीजच्या दारावर निकालाचा तक्ता लावला
आणि येता-जाता त्याला हात लावायला लागले.
चार वर्षं टीव्ही मुका.
नवरा उल्सानच्या गोदीत दुहेरी पाळीवर.
बांगड्याचा काटा न् काटा काढून
ताट तिच्या टेबलावर, दार न वाजवता, पाऊल न वाजवता,
जसा नैवेद्य ठेवतात.
माझ्या बापाच्या मयताला तिला नेलं नाही.
सराव चाचणी होती.

हे सगळं मला ठाऊक होतं, प्रभू,
पण त्याला मी तुझंच नाव दिलं होतं.

आज माझ्या शेजारी क्वाक बुन-ई बसल्या.
त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी शाळा सोडून गेला,
स्टेशनमागे कोंबडी तळतो.
त्यांच्यापुढे ना फोटो ना कागद.
मी विचारलं, आजी, तुम्ही काय मागता?
म्हणाल्या, मागत कुठे?
आज थंडी फार आहे, एवढं त्याला सांगते.
जरा बसते.
बसून बरं वाटतं.

आणि मग त्या खरंच नुसत्या बसल्या,
तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारख्या, गप्प, ऊबदार.
भोवती छत्तीसजणी ओरडत होतो.

ओरडता ओरडता माझा आवाज बसला.
एकाहत्तर दिवस मी तुझ्या दारात येतेय,
आणि एकदाही तुला भेटले नाही.
देव माझा फ्रीजवर होता,
तुला मी त्याचा पुजारी नेमला होता, बिनपगारी,
आणि वर रोज पहाटे उठवून दटावत होते.

लाज वाटली. रडू आलं नाही.
कागद काढला तर फाडवेना,
म्हणून दुमडून कोटाच्या खिशात घातला.
समोरची जागा रिकामी झाली, तिथे फरशी दिसली,
फरशीवर कोणाच्या तरी ओल्या बुटांचा ठसा.
त्या ठशाकडे बघत म्हणाले,
थंडी फार आहे.
पुढे काय बोलावं ते सुचेना.
तरी उठले नाही.

घरी आले तेव्हा सो-दाम टेबलावरच झोपली होती,
गालावर वहीची आखणी उमटलेली.
उठवलं नाही.
फ्रीजचा तक्ता काढावा म्हणून हात नेला,
चुंबक घट्ट होतं, का माझंच मन, कोण जाणे.
एक कोपरा तेवढा सुटला.
दार उघडलं की फडफडतो.

बांगडा भाजला, ताट वाढलं.
जेवताना ती थांबली, ओठातून काटा काढला,
माझ्याकडे पाहिलं: आई, हा राहिला.
म्हटलं, हो. सावकाश खा.
तुझ्या आजोबांना काट्याचाच मासा आवडायचा.
ती म्हणाली, मला आठवतंय.

उद्यापासून दिवस मोजायचे नाहीत, असं ठरवलंय.
उद्या बहात्तरावा.